चुलीचा वैल आणि गॅसवरची वीज

गुहागरकडची माणसं तिथल्या गॅसवरच्या वीजप्रकल्पाला अजूनही ‘एन्रॉन’च म्हणतात. ती अमेरिकी कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. २००५ पासून प्रकल्पाचं नाव ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ आहे, पण ते नाव कागदावरच राहिलं. त्याआधीचं ‘दाभोळ’ हे नावही तसं फसवंच. दाभोळ गाव वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात; प्रकल्प दक्षिण तीरावर अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला, गुहागर तालुक्यात. मधे खाडी, आणि दाभोळ-धोपावे अशी ये-जा करणारी जंगलजेट्टी, म्हणजे फेरीबोट.

तिथल्या चिमण्यांतून काळा धूर निघताना सहसा दिसत नाही. त्याची दोन कारणं आहेत. नैसर्गिक वायू नीट जळला की डोळ्यांना दिसेल असा धूर होत नाही, हे एक. आणि हा प्रकल्प आजवर बराच काळ पूर्ण बंद किंवा अर्धवटच चालू राहिला आहे, हे दुसरं. पहिलं कारण माहितीपत्रकांत ठळक अक्षरांत असतं, दुसरं बातम्यांत आतल्या पानावर. पण गॅसवरची वीज किती ‘स्वच्छ’ हे ठरवायचं तर दोन्ही लागतात. शिवाय एक तिसरी गोष्ट लागते, जी चिमणीपाशी उभं राहून दिसतच नाही. तिच्याकडे पुढे येऊ.

आधी यंत्र समजून घेऊ. विमानाचं जेट इंजिन उचलून जमिनीवर बोल्टने घट्ट बसवलं आणि त्याला विमान ढकलण्याऐवजी जनित्र फिरवायला लावलं, की झालं गॅस टर्बाइन. पुढून हवा आत ओढायची, दाबायची, त्यात गॅस सोडून पेटवायचा. तापून फुगलेले वायू मागच्या पात्यांवर आदळतात आणि दांडा फिरतो. अंजनवेलला बसवलेल्या जातीचं एक टर्बाइन दर सेकंदाला ६०० किलोंहून जास्त हवा ओढतं. त्यातून निर्माण झालेल्या ताकदीचा निम्म्याच्या आसपास वाटा पुढची हवा दाबण्यातच जातो, उरलेल्यातून वीज. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ होते, तेव्हा याच टर्बाइनची क्षमता घटते. म्हणजे राज्यभर पंखे आणि एसी घरघरत असतात नेमकं तेव्हाच.

पात्यांवरून पुढे गेलेले वायू सुमारे ६०० अंश सेल्सिअसचे असतात. ते तसेच वर सोडून दिले तर गॅसमधल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा, सुमारे ३५ टक्के वीज मिळते. बाकी सगळी आभाळात.

इथे मला आजीची मातीची चूल आठवते. चुलीच्या बाजूला दुसरं तोंड असायचं, वैल. वैलाखाली कुणी लाकूड घालत नसे. चुलीतली उरलेली धग भोकातून तिकडे सरकायची आणि त्यावर आमटी नाहीतर दूध तापत राहायचं. भात चुलीवर, आमटी वैलावर, आणि लाकूड एकदाच. गॅसच्या विजेत हीच युक्ती मोठ्या मापावर वापरतात. टर्बाइनमधून निघालेल्या ६०० अंशांच्या वायूंवर पाणी उकळायचं, वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरं टर्बाइन फिरवायचं. अभियंते याला ‘कंबाइंड सायकल’ म्हणतात.

वैलाची किंमत पाहायची तर उरणला जावं. तिथलं महानिर्मितीचं वायू विद्युत केंद्र मुंबई हायच्या गॅसवर उभं राहिलं. त्यातली १०८ मेगावॉटची चार गॅस टर्बाइन म्हणजे ४३२ मेगावॉट. त्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर नंतर १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच बसवले, म्हणजे आणखी २४०. गॅस तेवढाच, वीज दीडपटीहून जास्त. अंजनवेलला सुरुवातीपासूनच अशी जोडणी आहे: तीन संच, प्रत्येकात दोन गॅस टर्बाइन आणि एक वाफेचं, सगळे मिळून १९६७ मेगावॉट.

आता थोडं गणित, शाळेतलंच. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. (स्वयंपाकाच्या लाल सिलिंडरमधला गॅस वेगळा, तो प्रोपेन-ब्युटेन. शहरात पाइपने येणारा मात्र हाच.) १ किलो मिथेन पूर्ण जळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वजन वाढलं कसं, तर हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन बसला. याच १ किलोतून उष्णता मिळते सुमारे १४ युनिट (वीजबिलातलंच युनिट, किलोवॉट-तास). चूल आणि वैल दोन्ही चालू असतील तर त्यातली ५५ टक्के, म्हणजे साडेसात युनिटच्या वर वीज हाती लागते. पावणेतीन किलोला त्याने भागलं की दर युनिटमागे ३६० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. नुसती चूल चालू, वैल थंड, तर तोच आकडा ५७० ग्रॅम. कोळशावरच्या आपल्याकडच्या सर्वसाधारण केंद्रात तो ९५० ग्रॅमच्या आसपास असतो.

‘गॅसमुळे कोळशापेक्षा निम्म्याहून कमी प्रदूषण’ हे वाक्य येतं ते या ३६० आणि ९५० मधून. खोटं नाही. फक्त त्यात वैल तापलेला आहे हे गृहीत धरलेलं असतं.

पण कार्बन डायऑक्साइड बाजूला ठेवला, तरी गॅसच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखू नये. ती म्हणजे राख. आपल्या दगडी कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, राखच असते. अंजनवेलचे तिन्ही संच पूर्ण ताकदीने एक दिवस चालले तर पावणेपाच कोटी युनिटच्या घरात वीज तयार होईल. तेवढीच वीज कोळशावर करायची तर रोजची राख होईल सुमारे ११ हजार टन. वीस टनी ट्रक धरले तर साडेपाचशे ट्रक, रोज. नागपूरजवळ कोराडी-खापरखेड्याच्या आसपास राहणाऱ्यांना ही राख म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती असते, विहिरीत असते, आणि २०२२ च्या पावसाळ्यात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा शेतांत आणि ओढ्यांतही उतरली. गॅसला राख नाही. गंधक जवळजवळ नाही, म्हणून सल्फर डायऑक्साइडही नाही. कोळशातून येणारा पारा नाही. कोळशाची वाघीण नाही, ढीग नाही, उडणारी भुकटी नाही. चिमणीशेजारी राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसांना विचारलं तर उत्तर गॅसच्याच बाजूने येईल.

मग चिमणीतून बाहेर पडतं तरी काय? कार्बन डायऑक्साइड झाला, पाण्याची वाफ झाली. हवेत गारवा असेल तर पांढरा लोट दिसतो, तो त्या वाफेचाच. आणि तिसरे नायट्रोजनचे ऑक्साइड. ही जरा गमतीची भानगड आहे, कारण ते इंधनातून येतच नाहीत. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ज्योतीचं तापमान १५०० अंशांच्या वर गेलं की तोही ऑक्सिजनशी हातमिळवणी करतो. हे ऑक्साइड उन्हात इतर वायूंशी मिसळून जमिनीलगत ओझोन तयार करतात; दम्याच्या रुग्णांना तो सोसत नाही आणि पिकांनाही. इंधन कितीही शुद्ध असो, ज्योत तापली की हे होणारच.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातल्या शेगडीत दिसतो. बर्नरखाली हवा घेणारी भोकं असतात. गॅस पेटण्याआधीच त्यात हवा मिसळते, म्हणून ज्योत निळी आणि एकसारखी. टर्बाइनमध्येही गॅस आधी भरपूर हवेत मिसळून मग पेटवतात. ज्योत सगळीकडे सारखी राहते, कुठेही अति तापत नाही आणि ऑक्साइड कमी होतात. अडचण एवढीच, की ही युक्ती संच चांगल्या भारावर चालत असतानाच नीट जमते. सुरू होताना, बंद होताना, अर्ध्या-पाव ताकदीवर ज्योत टिकवण्यासाठी वेगळ्या पद्धतीने जाळावं लागतं, आणि तेव्हा नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही वाढतात. मोटार सिग्नलला थांबत-थांबत चालवली की जास्त धूर सोडते, तसंच. हे लक्षात राहू द्या, शेवटी लागेल.

पाण्याचंही तसंच, गॅस कोळशापेक्षा बरा, पण हिशेब शून्यावर येत नाही. पाणी लागतं ते मुख्यतः वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला. कोळशाच्या केंद्रात सगळी वीज वाफेवरच होते. गॅसच्या केंद्रात दोन तृतीयांश वीज थेट गॅस टर्बाइनवर आणि एक तृतीयांशच वैलावर, म्हणून थंड करायचं कामही तेवढंच कमी. समुद्राचं पाणी घेऊन, वापरून, पुन्हा समुद्रात सोडणाऱ्या नव्या केंद्रांना आपल्याकडे बंधन आहे की त्यामुळे तिथल्या पाण्याचं तापमान ७ अंशांपेक्षा जास्त वाढता कामा नये. ७ अंश ऐकायला किरकोळ वाटतात. खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला येणाऱ्या मासळीला ते किरकोळ नसतात.

वेलदूरच्या मच्छीमारांची सुरुवातीपासूनची भीती हीच होती: बांधकाम, जेट्टी, गरम पाणी, आणि त्यातून खाडीतली मासळी जाणं. १९९० च्या दशकातलं एन्रॉनविरोधी आंदोलन आपल्याला आठवतं ते विजेच्या दरावरून, करारावरून, ‘अरबी समुद्रात बुडवू’ या निवडणुकीतल्या भाषेवरून. पण गावातल्या बायका रस्त्यावर आल्या त्या पाणी, जमीन आणि मासळीसाठी. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये घरांत शिरले, बायकांना मारहाण करून ताब्यात घेतलं. ‘ह्यूमन राइट्स वॉच’च्या १९९९ च्या अहवालात हा सगळा प्रकार नोंदलेला आहे. पर्यावरणावरचा परिणाम म्हणजे काहीतरी टक्के आणि अंश, असं आपण समजतो. तिथे त्याचा अर्थ अटक असाही झाला.

आणि एक राहिलंच. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा हा ‘गॅस प्रकल्प’ गॅसवर चालत नव्हता. चालत होता नाफ्त्यावर, म्हणजे पेट्रोलच्या भावंडावर. २००१ मध्ये बंद पडून २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला तोही आधी नाफ्त्यावरच. पाइपलाइनचा गॅस त्यानंतर आला.

आता ती चिमणीपाशी न दिसणारी गोष्ट. जळलेल्या मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो, हे पाहिलं. पण न जळताच निसटलेला मिथेन? तो हवेत बारा-एक वर्षं टिकतो, आणि तेवढ्या काळात उष्णता असा काही अडवून धरतो की वीस वर्षांचा हिशेब केला तर कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट भरतो. शंभर वर्षांचा केला तर सुमारे ३० पट, कारण कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं रेंगाळतो आणि मिथेन लवकर विरतो. दोन्ही आकडे खरे. गॅस विकणारा शंभर वर्षांचा सांगतो, विरोध करणारा वीस वर्षांचा. समोरच्याने कुठला आकडा उचलला यावरून तो कुठल्या बाजूचा ते ओळखता येतं.

मिथेन निसटतो कुठे? विहिरीवर, जिथे गॅस जमिनीतून वर येतो. कॉम्प्रेसरच्या सीलमधून. पाइपलाइनच्या जोडांतून आणि व्हॉल्व्हमधून. दुरुस्तीसाठी पाइप रिकामा करताना. शिवाय त्याला रंग नाही, वासही नाही. घरच्या गॅसला येतो तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. इन्फ्रारेड कॅमेरा लावला तरच गळती दिसते. अमेरिकेतल्या तेल-वायू उद्योगाच्या मोजणीचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गळतीचा अंदाज एकूण गॅस-उत्पादनाच्या २.३ टक्के निघाला, तिथल्या सरकारी आकड्यापेक्षा बराच जास्त.

अमेरिकेतल्या गळतीचं आपल्याला काय, असं वाटेल. तर त्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, लुइझियाना राज्यातल्या साबीन पासहून निघालेलं ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घकालीन करारातलं पहिलं अमेरिकी एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जहाज येऊन लागलं ते दाभोळच्याच जेट्टीला. प्रकल्पाशेजारी २०१३ पासून एलएनजी टर्मिनल आहे. जहाजाने गॅस आणायचा तर तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करावा लागतो, तेव्हा त्याचं आकारमान सहाशे पटींनी घटतं. या थंड करण्यातच साधारण दहावा हिस्सा गॅस खर्ची पडतो. मग जहाजाचं इंधन. मग इथे उतरवून पुन्हा वायू करणं. एवढं सगळं करून आलेलं एक मोठं जहाज अंजनवेलचे तिन्ही संच पूर्ण ताकदीने चालवले तर दहा-अकरा दिवसांत संपेल.

तो २.३ टक्क्यांचा आकडा आपल्या गणितात घालून पाहू. एका युनिटला १३१ ग्रॅम मिथेन जळतो, त्याचे २.३ टक्के म्हणजे ३ ग्रॅम. चिमूटभर. पण ८० पटींनी ते २४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके भरतात. ३६० चे झाले ६००. कोळशाच्या ९५० पेक्षा अजूनही कमी, पण ‘निम्म्याहून कमी’ राहिलं नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने ४५०. आणि नुसती चूल, वैल नाही, अशा टर्बाइनचं काय? ५७० मध्ये ३८० मिळवा: ९५०. कोळशाची चिमणी जेवढं सोडते बरोब्बर तेवढंच.

कोळशाच्या खाणींतूनही मिथेन निघतो, तोही धरायला हवा, म्हणजे कोळशाचा आकडा ९५० च्या वर सरकेल. न्यायाचं बोलायचं तर तसंच. आणि उरणला मुंबई हायचा गॅस येतो, त्याला ना जहाज लागतं ना उणे १६२ अंश, म्हणून दोन्ही केंद्रांना एकच आकडा चिकटवणं चूकच. ‘गॅसवरची वीज’ असा एकच पदार्थ नाही. गॅस कुठून आला आणि वैल आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कुणी छातीठोक आकडा सांगत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

राहिलं बंद असण्याचं कारण. देशात गॅसवरच्या केंद्रांची वीजक्षमता २०२४ मध्ये २५ हजार मेगावॉटच्या आसपास होती. एकूण विजेतला त्यांचा वाटा मात्र दोन टक्क्यांच्या आगेमागे. आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस २००९ मध्ये सुरू झाला, त्याच्या भरवशावर बरेच संच उभे राहिले, आणि तीन-चार वर्षांतच तो आटत गेला. जो उरला त्यावर खतकारखाने, सीएनजी आणि घरगुती पाइप यांचा हक्क आधी. बाहेरून आणलेला एलएनजी जाळला तर वीज इतकी महाग होते की घेणारा मिळत नाही. वीज घेताना स्वस्त संच आधी, महाग नंतर असा क्रम असतो. गॅस रांगेच्या शेवटी उभा राहतो. अंजनवेलचा प्रकल्प २०१३ च्या अखेरीस ठप्प झाला, २०१५ मध्ये रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट द्यायला पुन्हा सुरू झाला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर एलएनजीचे भाव असे भडकले की विषयच संपला.

आणि हे संच बंद असतात तेव्हा त्यांची वीज येते कुठून? बव्हंशी कोळशातून. धूर न सोडणारी अंजनवेलची चिमणी म्हणजे विदर्भात कुठेतरी जास्तीची राख. बांधकामात गेलेलं सिमेंट आणि पोलाद, खाडीकाठची जमीन, वेलदूरची भांडणं हा खर्च तर होऊनच गेला आहे.

अलीकडे या संचांना नवं काम सापडतंय. दुपारी सौरऊर्जा भरपूर, संध्याकाळी सात वाजता ती शून्यावर, आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, एसी. ही दरी भरायला चटकन पेटणारं यंत्र हवं. कोळशाचा संच सुस्त, थंड पडला असेल तर तापायलाच बरेच तास घेतो. गॅस टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण वेगात येतं. म्हणूनच २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने विशेष अधिकार वापरून १ मे ते ३० जून या काळात गॅसवरचे संच तयार ठेवण्याचा आदेश काढला. मला स्वतःला गॅसचा हा उपयोग सगळ्यात पटतो: वर्षभर नाही, दिवसभर नाही, अडीनडीला तेवढा.

फक्त एक मेख आहे. मिनिटांत पेटते ती चूल. वैल तापायला वेळ लागतो: पाणी तापायला हवं, जाड पोलादी नळ्या हळूहळू गरम व्हायला हव्यात, घाई केली तर त्यांना तडे जातात. संच आदल्या रात्री बंद झाला असेल तर निदान तास-दोन तास, कित्येक दिवस थंड असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. तोवर आकडा ३६० चा नसतो, ५७० च्या बाजूचा असतो, आणि ज्योत कमी भारावर असल्याने नायट्रोजनचे ऑक्साइडही वाढलेले. सातला मागणी चढते, दहाला उतरते. तीन तासांसाठी पेटवलेल्या संचाचा वैल धड तापेपर्यंत त्याला बंद करायची वेळ झालेली असते, आणि माहितीपत्रकात छापलेला असतो तो चोवीस तास चालणाऱ्या संचाचा आकडा.